शून्यावरचं वजन

बाबा: हात काढ आता. तू धरून ठेवलीस तर पट्टी खरं बोलणार कशी?

मुलगी: सोडली तर पट्टी पायावर येईल, बाबा. मागच्या सत्राला आईच्या पायावर आली होती.

बाबा: तेव्हा दोरा कच्चा होता. हा पक्का आहे. सोड.

मुलगी: अहो, कागदावर दोन मिनिटांत होतं हे. फोनवर तर त्याहून लवकर.

बाबा: फोनवर तुझ्या आत्यानंही केलं. सहा पॉइंट दोन काढून मोकळी झाली आणि सगळ्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं. सकाळपासून मला फोन येतायत, ‘पोरीला सांभाळा’ म्हणून. एक जण तर रडला. कोण होता तेही कळलं नाही.

मुलगी: आत्यानं साधी सरासरी काढली. पाच विषयांचे पॉइंट मिळवले आणि पाचानं भागले. तसं नसतं ते. प्रत्येक विषयाचे क्रेडिट वेगळे असतात. प्रकल्प सहा क्रेडिटचा, प्रयोगशाळा दोनची...

बाबा: म्हणजे वजन. मला काय सांगतेस, छटाक? काटेवाल्याला वजन शिकवतेस? पहिल्या सत्रापासून म्हणून तर ही पट्टी आहे. शून्यापासून दहापर्यंत खुणा. एका क्रेडिटला शंभर ग्रॅम. ज्या विषयात जितके पॉइंट मिळाले त्या खुणेवर त्याचं वजन टांगायचं, आणि मग दोरा सरकवत जायचं. जिथे पट्टी आडवी राहील ती तुझी सरासरी. तुझ्या आईला एका झटक्यात कळलं होतं. विद्यापीठाच्या पुस्तिकेत त्यालाच तीन पानं घेतलीत. ती वाचून माणूस नापासच व्हायचा.

मुलगी: बरं. रसायनशास्त्र, चार क्रेडिट, आठ पॉइंट.

बाबा: चारशे ग्रॅम, आठवर. टांगलं.

मुलगी: गणित, चार क्रेडिट, सात.

बाबा: सातवर. गणितात एक कमी पडला वाटतं. आत्यावर गेलीस. पुढे?

मुलगी: प्रयोगशाळा, दोन क्रेडिट, आठ. प्रकल्प, सहा क्रेडिट, आठ.

बाबा: वा! सगळी आठावरच गर्दी. बघ, बघ, दोरा कुठे आला! साडेसातच्या पुढे. सात लागतात ना गं पुढच्या प्रवेशाला?

मुलगी: या सत्राचे किमान सात. त्याच्या खाली असलं तर अर्जच घेत नाहीत.

बाबा: झालं तर मग! साडेसात! कुठाय तो फोन, त्या तुझ्या आत्याला जरा... आणि तू अशी का उभी आहेस? मेलेली मांजर बघितल्यासारखी? अगं, आईचं एवढंच होतं, पोरगी पुढे शिकली पाहिजे. काट्यांच्या दुकानात गंज खात बसायला नको.

मुलगी: पाचवा विषय राहिलाय, बाबा.

बाबा: आण इकडे. कितीचा?

मुलगी: दोन क्रेडिटचा.

बाबा: हे घे दोनशे ग्रॅम. कुठे लावू?

मुलगी: शून्यावर.

बाबा: थट्टा करू नकोस.

मुलगी: द्या, मी लावते. इथे, टोकाला.

बाबा: अगं अगं अगं! धर! एवढंसं वजन आणि अख्खी पट्टी उपडी! दोरा मागे घे. आणखी मागे. थांब. सहा पॉइंट आठ.

मुलगी: सहा पॉइंट एकोणनव्वद. तुम्ही पट्टीचं स्वतःचं वजन धरलं नाहीत. ती आपल्या मध्याकडे ओढते, पाचाकडे.

बाबा: हं.

मुलगी: दर वेळी धरता.

बाबा: दर वेळी ती मागून ओरडायची, ‘अहो, पट्टीचं धरा.’ माझ्या कुठे लक्षात असायचं?

मुलगी: आता कागदावर बघा. बत्तीस, अठ्ठावीस, सोळा, अठ्ठेचाळीस आणि शून्य. एकशे चोवीस झाले. भागिले अठरा क्रेडिट. सातासाठी एकशे सव्वीस हवे होते.

बाबा: दोनानं गेलं? फक्त दोनानं?

मुलगी: ते जाऊ दे. मी दुकानात बसते. गेल्या महिन्यापासून तुम्ही बिघडलेले काटे दुरुस्त न करता परत देताय आणि लोक ते घेऊन पण जातायत. कुणीतरी बसायला हवंच इथे.

बाबा: विषय बदलू नकोस. कुठला पेपर हा?

मुलगी: ताणतणाव व्यवस्थापन.

बाबा: काय?

मुलगी: आहे तसा विषय. सक्तीचा आहे. सगळ्यांना.

बाबा: म्हणजे तो... त्या सकाळचा?

मुलगी: हो.

बाबा: पण त्याला तर तू बसली होतीस! माझा फोन आला तेव्हा अर्धा पेपर टाकून पळत आलीस. शून्य कसं? अर्ध्या पेपराला काहीतरी मिळतं की! अगं, भजी तळताना करपली तरी अर्धी खातात! निकालावर हे शून्याशेजारी काय लिहिलंय? गैरहजर? कोण गैरहजर? कुठला गाढव बसवलाय तिथे? दे फोन.

मुलगी: बाबा, नको ना.

बाबा: नको काय? मी सगळ्यांना सांगितलंय, पेपर टाकून धावत आली पोरगी. आणि हे म्हणतात गैरहजर! थांब, स्पीकरवर लावतो. ऐकू दे तुलाही.

फोन: परीक्षा विभाग. बोला.

बाबा: मी तुमच्या एका विद्यार्थिनीचा बाप बोलतोय.

फोन: विद्यार्थिनीला बोलायला सांगा. निकालाबद्दल फक्त विद्यार्थ्याशी बोलायचं, असा नियम आहे.

बाबा: ती शेजारीच उभी आहे. बोलत नाहीये.

फोन: मग आम्हालाही बोलता येणार नाही.

बाबा: बरं, नका बोलू. नुसतं ऐका. बैठक क्रमांक सांगतो.

मुलगी: बाबा, ठेवा तो फोन.

फोन: आता बोलली की ती. चालेल. सांगा क्रमांक... हं. ताणतणाव व्यवस्थापन. गैरहजर.

बाबा: हजर होती.

फोन: हजेरीपत्रकावर सही नाही. उत्तरपत्रिका नाही. बाकावर कुणी नव्हतं. एवढं सगळं नसलं की आम्ही त्याला गैरहजर म्हणतो.

बाबा: तुमची चूक होऊ शकत नाही?

फोन: होऊ शकते ना. चुकांसाठी वेगळी खिडकी आहे.

बाबा: तिथे कोण असतं?

फोन: मीच असतो. पण दुपारनंतर.

बाबा: साहेब, त्या सकाळी हिची आई गेली हो.

फोन: अरेरे... वाईट झालं. कळवलं होतंत का विभागाला?

बाबा: केव्हा?

फोन: गैरहजेरीची पूर्वसूचना आठवडाभर आधी द्यावी लागते.

बाबा: आईच्या मरणाची?

फोन: हो, म्हणजे गैरहजेरीची. मलाही ते पटत नाही, काका. माझे वडील गेले तेव्हा माझीच रजा नामंजूर झाली होती. नियम बदला, असं मी वर लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं, तुमची सूचना पूर्वसूचना न देता आलेली आहे.

बाबा: मग आता काय करायचं म्हणता?

फोन: सोपं आहे. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे. नुसती पास झाली तरी चार पॉइंट, दोन क्रेडिटचे आठ झाले. सरासरी सात ओलांडेल. या शुक्रवारपर्यंत अर्ज द्या. कारण लिहा आणि कुठे होती त्याचा दाखला जोडा. हॉस्पिटलकडून दोन ओळी आणल्या, की मुलगी त्या वेळी आईजवळ होती, की झालं.

बाबा: पण ती आईजवळ नव्हती! ती तुमच्याकडे होती!

फोन: आमच्याकडे नव्हती, काका.

बाबा: मग होती कुठे?

फोन: ते आमच्या अखत्यारीत येत नाही. तिलाच विचारा. आणि... सावकाश विचारा. ठेवतो.

(अर्ध्या उघड्या शटरखालून कुणीतरी वाकून बघतं, ‘बंद आहे का?’ विचारतं आणि उत्तराची वाट न बघताच निघून जातं.)

बाबा: छटाक.

मुलगी: हं.

बाबा: कुठे होतीस?

मुलगी: बसमध्ये.

बाबा: कुठल्या?

मुलगी: दोन्ही. हॉस्पिटलपासून विद्यापीठाच्या बसमध्ये बसले. थोडं पुढे गेले आणि वाटलं, कसला पेपर, परत जावं. उतरले आणि समोरून येणारी पकडली. त्यात बसले आणि डोळ्यांसमोर आई आली, ‘पेपर टाकून आलीस?’ असं ओरडणारी. पुन्हा उतरले. पुन्हा तिकडची पकडली.

बाबा: किती वेळ?

मुलगी: कंडक्टर ओळखायला लागला तोवर. आधी म्हणाला, ‘काही विसरलात का, ताई?’ पुढच्या खेपेला त्यानं तिकीटच मागितलं नाही. मग मला लाज वाटली आणि मी मधल्याच स्टॉपवर बसून राहिले. धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

बाबा: नुसती बसून?

मुलगी: समोर गाद्यांचं दुकान होतं. एक माणूस एकेक गादी झोपून बघत होता. बूट काढायचा, झोपायचा, कूस बदलायचा, उठायचा, बूट घालायचा, पुढच्या गादीपाशी जायचा, परत बूट काढायचा. मी ते बघत बसले, बाबा. आई तिकडे... आणि मी ते बघत बसले. मला एकदा हसूसुद्धा आलं. तो शेवटच्या गादीवर होता तेव्हा तुमचा फोन आला.

बाबा: घेतली का त्यानं?

मुलगी: काय?

बाबा: गादी.

मुलगी: मला काय माहीत! मी धावत सुटले.

बाबा: हो. हो, बरोबर आहे.

मुलगी: तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, पेपर टाकून आली, पेपर टाकून आली. बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, केवढी गुणाची. मी तोंड कसं उघडणार? ती गेली तेव्हा तिला वाटत असणार, मी पेपर लिहितेय. मी तिच्याजवळही नव्हते आणि पेपरलाही नव्हते. तो कारकून बरोबर बोलला. गैरहजर. मी नाही देणार ती फेरपरीक्षा. ताणतणावावर काय लिहू मी? गाद्यांवर लिहू?

बाबा: रडू नकोस.

मुलगी: तुम्ही तरी होतात तिच्याजवळ. तेवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागते. बाबा होते, तिचा हात धरून होते.

बाबा: ते वजन काढ हातातलं. बोटावर पाडशील.

मुलगी: बाबा?

बाबा: हात... नाही गं. मी नव्हतो.

मुलगी: म्हणजे?

बाबा: वॉर्डाच्या टोकाला तो मोठा काटा होता ना, पेशंटना उभं करायचा. त्याच्यापाशी होतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन.

मुलगी: तुम्ही काटा दुरुस्त करत होतात?

बाबा: शेवटच्या आठवड्यात आईचं वजन दोन किलोनं वाढलं होतं, आठवतंय? डॉक्टर खूश. फाइलवर ‘सुधारणा’ लिहून मोकळे. नर्सबाईंनी पेढे मागितले माझ्याकडे.

मुलगी: आत्यानं गावभर कळवलं होतं.

बाबा: मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तो काटा रिकामा असताना शून्यावर नव्हता. दोनावर उभा होता, बिनदिक्कत. नुसतं बघून कळतं आम्हाला. आणि मी, काटेवाला, चुकीचा काटा बघून गप्प बसलो. म्हटलं, असू दे. कुणाच्या बापाचं काय जातंय? दोन किलो तर दोन किलो.

मुलगी: आईला ठाऊक होतं?

बाबा: तिच्यापासून काय लपलंय? त्या सकाळी मला म्हणाली, ‘वजन वाढलंय म्हणतात, आणि बांगड्या कोपरापर्यंत जातायत. जा, तो काटा सरळ करून या. उगाच दुसऱ्या कुणाला आशा लावील.’ मी म्हटलं, नंतर करतो. तर म्हणाली, ‘आत्ता. माझ्या डोक्यात तेच राहिलंय, झोप येत नाहीये.’ म्हणून गेलो. स्प्रिंग गंजली होती. तेल दिलं, स्क्रू फिरवला, आणि काटा हळूहळू येऊन बरोब्बर शून्यावर थांबला. आणि मी खूश झालो गं, छटाक. खरंच खूश झालो. तिला सांगायला वळलो, तर नर्सबाई पळत येताना दिसल्या.

मुलगी: बाबा...

बाबा: तू तिकडे गाद्या बघत होतीस, मी इकडे स्प्रिंग. तिच्याजवळ कोण होतं विचारशील तर सलाईनची बाटली.

मुलगी: मला तिनंच पाठवलं होतं. मी म्हटलं होतं, मी नाही जात पेपरला. तर म्हणाली, ‘जा गं, तुला पुढे बाबांना तो विषय शिकवावा लागणार आहे.’ आणि मी जात नाही हे बघून तोंड भिंतीकडे केलं.

बाबा: तुला कधी पाठवलं?

मुलगी: सकाळच्या गोळ्या झाल्यावर लगेच.

बाबा: मला त्यानंतर. तू जिना उतरलीस आणि तिनं काट्याचं काढलं.

मुलगी: म्हणजे आधी मला, मग तुम्हाला.

बाबा: हो, पाठोपाठ.

मुलगी: दोऱ्यासारखं.

बाबा: काय?

मुलगी: अहो, दोरा! तिला रडायचं असलं की ती काय करायची? ‘जा गं, कोपऱ्यावरून पांढरा दोरा घेऊन ये.’ आजी गेल्याचं पत्र आलं तेव्हा मला दोरा आणायला पाठवलं. डॉक्टरांनी तो रिपोर्ट दिला त्या संध्याकाळी तुम्हाला पाठवलं. कपाटात एवढी रिळं पडली आहेत, घरात कुणी शिवत नाही.

बाबा: तू झालीस तेव्हासुद्धा मला दोऱ्यालाच पिटाळलं होतं. मी परत आलो तर तू आलेली. मूठभर, छटाकभर. मी रीळ हातात घेऊन उभा. दाई म्हणाली, ‘हा कशाला आणलात?’

मुलगी: कुणासमोर कळवळायचं नाही, एवढंच होतं तिचं.

बाबा: दोघांनाही कामाला लावून दिलं. हुशार बाई. आणि आपण दोघं शहाण्यासारखे गेलो. तू अर्धी गेलीस, पण गेलीस.

मुलगी: तुम्ही एवढे दिवस बोलला का नाहीत?

बाबा: तू का नाही बोललीस? जेवताना समोरासमोर बसून आपण मिठाबद्दल बोलत होतो. मीठ जास्त झालंय, मीठ कमी झालंय. बरोबर तर कधी झालंच नाही.

मुलगी: हा दोरा... पट्टीला बांधलाय तो?

बाबा: त्यातलाच. म्हटलं ना, पक्का आहे. काढ तो फेरपरीक्षेचा अर्ज.

मुलगी: कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? दाखला कुठला जोडू? आईजवळ होते असं खोटं मला नाही लिहायचं.

बाबा: नको लिहूस. लिही, ‘आईने बाहेर पाठवले होते.’

मुलगी: कुठे पाठवलं होतं, असं विचारतील.

बाबा: विचारू दे. मी बोलतो त्या साहेबांशी. दुपारनंतर, चुकांच्या खिडकीवर. भला माणूस आहे तो, नुसता चुकीच्या वेळेला बसतो. आणि दाखलाच पाहिजे म्हणाले तर रिळांची पिशवी नेऊन ठेवतो टेबलावर.

मुलगी: पास तरी होईन का त्या विषयात?

बाबा: तू झालीस तर मला पण शिकव. तिनं सांगून ठेवलंय म्हणतेस ना.

मुलगी: मग हे शून्यावरचं काढून ठेवू?

बाबा: काढतेस कशाला? क्रेडिट आहेत ते, कुठे जाणार? सरकव फक्त. चारवर आण. बघू तरी पास झालीस तर पट्टी काय म्हणते.

मुलगी: असं?

बाबा: हळू. आता मी दोरा पुढे घेतो, सातच्या पलीकडे. आणि पट्टीचं वजन धर.

मुलगी: धरलं. सोडू?

बाबा: सोड.

मुलगी: हलतेय अजून.

बाबा: हलू दे. थांबेपर्यंत आपण दोघं इथेच बसू.